पठाराची वेसण

खूप खूप मागे, डोंगरांना अजून नावं पडली नव्हती आणि वाऱ्याला सगळ्या वाटा तोंडपाठ होत्या, त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी लहानांना सांगायच्या निमित्ताने स्वतःही ऐकून घ्यावी.

एका उंच पठाराच्या पायथ्याशी एक गाव होतं. पठारावर झाडं जवळजवळ नव्हतीच. झऱ्याच्या उगमाशी जांभळीची एक राई तेवढी होती, बाकी सगळं गवत. पावसाळ्यात हिरवं, दिवाळीत सोनेरी, आणि उन्हं तापली की म्हातारीच्या केसांसारखं रुपेरी. वारा सुटला की अख्खं पठार झोपेत कूस बदलल्यासारखं हलायचं. खालून बघणाऱ्याला वाटायचं, आपल्या उशाशी कुणी मोठं जनावर निजलंय. मऊ केसांचं, शांत श्वासाचं.

गाव त्या गवतावरच जगायचं. गुरं ते खायची, घरं त्यानेच शाकारली जायची, आणि पठाराने पावसाळ्यात प्यायलेलं पाणी झऱ्यातून वर्षभर खाली झिरपायचं.

त्या गावात दुरपा नावाची एक तरुण पोर होती. आईबाप लहानपणीच गेले. तिला वाढवलं तिच्या मामाने. हा बिरूमामा मेंढपाळ, पण आता गुडघ्यांनी थकलेला. दुरपा कामाला खंबीर, पण मनाची फार भित्री. झाकणी पडली की दचकायची. वाळकं पान पायाशी घरंगळलं की दचकायची. मागून कुणी "दुरपे" म्हणून हाक मारली की हातातली घागर खाली.

पाणवठ्यावर ठकूआत्या म्हणायची, "या पोरीला नवरा बघायचा तर मुका बघा गं बायांनो. बोलणारा मिळाला तर ही जन्मभर उडतच राहील!"

बायका हसायच्या. दुरपाही हसायची, कारण हसण्यावाचून दुसरं करणार काय?

आणि सगळ्यांत जास्त ती भ्यायची विस्तवाला. चूल पेटवताना अंग मागे घेऊन, हात लांब करून ती काटकी आत सरकवायची. अनोळखी कुत्र्यापुढे भाकरीचा तुकडा टाकतात ना, तशी.

एके वर्षी पठाराचा जुना राखणदार वारला. नवा नेमायला गाव पारावर जमलं. पाटील म्हणाले, "राखणीला असा माणूस हवा, ज्याचा डोळा सहसा लागत नाही."

"मग दुरपाच की," ठकूआत्या बायकांतून बोलली. "उंदराने मिशी हलवली तरी ही उठून बसते."

पार हसला. पण हसता हसता पाटील थांबले. खरंच की, त्यांना वाटलं. ज्याला भीती आहे तो झोपणार नाही, आणि जो झोपणार नाही त्याच्यासारखा राखणदार कुठला? अशी थट्टेतून नेमणूक झाली, आणि दुरपा पठारावरच्या झोपडीत राहायला गेली.

पहिले काही दिवस ती वाऱ्यालाही दचकली. मग मात्र तिला एक गंमत कळली. सकाळी पठारावर धुकं उतरायचं, आणि धुक्यात काहीच अचानक येत नसे. गाय असो, दगड असो की माणूस, आधी त्याची सावली यायची, मग आकार, मग तो स्वतः. जणू प्रत्येक वस्तू दारात उभी राहून विचारायची, येऊ का आत? असं जग दुरपाने कधी पाहिलं नव्हतं. ती धुक्यात तासन् तास बसून राहायची. गवताची पाती तिच्या गालाला दव लावून जायची. आपण जागे आहोत की झोपेत, हे तिला कळेनासं व्हायचं, आणि ते कळून घ्यावंसंही वाटायचं नाही.

ती पठारावर जीव लावून बसली. आणि जीव लावला की भीती दुप्पट होते, हे काय सांगायला हवं?

मार्गशीर्ष आला. या महिन्यात गावात एक रीत होती. तिला म्हणायचे वेसण घालणे. गवत वरून वाळलेलं आणि बुडाशी दवाने ओलं असायचं, अशा सकाळी घरटी एक माणूस आपल्या चुलीतला निखारा खापरात घेऊन वर चढायचा. ओढ्यापासून कातळापर्यंत, पठाराच्या गावाकडच्या कडेने, गवताचा एक लांबट पट्टा सगळे मिळून जाळायचे. हातात निरगुडीच्या ओल्या फांद्या. आग जरा इकडे तिकडे गेली की फटका. पट्टा काळा झाला की पठाराला वेसण घातली म्हणायचं, आणि खाली येऊन गूळभाकरी खायची. मग उन्हाळ्यात वर वणवा लागलाच, तरी त्या काळ्या पट्ट्याशी येऊन त्याला थांबावंच लागे. उरलेल्या पठारावर कुठे गुरं चरत, कुठे विळा चाले.

दुरपाने गावात असताना ही रीत लांबूनच पाहिली होती. या वर्षी तिला ती जवळून पाहावी लागली. धुराने तिचा श्वास कोंडला. गवत तडतडत होतं, आणि प्रत्येक तडतडीला तिचा जीव उडत होता. शेवटी आग विझली, माणसं खाली उतरायला लागली, तेव्हा काळ्या राखेत तिला सशाचं एक पिल्लू दिसलं. मिशा जळालेल्या, डोळे विस्फारलेले. ते पळत नव्हतं. नुसतं थरथरत होतं.

दुरपाने त्याला ओच्यात घेतलं. तिला वाटलं, हे पिल्लू नाही, ही मीच आहे.

ती तशीच खाली धावली आणि पारापाशी उभी राहिली. "पाटील, आपल्याच हाताने आपल्या पठाराला आग लावायची, ही कसली रीत?"

"वणवा येऊ नये म्हणून, पोरी."

"वणवा येतो कुठून? ठिणगीतून. आणि ठिणगी येते माणसाकडून. मी आहे ना राखणीला! एक ठिणगी वर चढू देणार नाही. मग वेसण हवीच कशाला?"

गाव विचारात पडलं. खरं सांगायचं तर विचारात पडल्याचं नाटक केलं. कारण ती चढण, तो धूर, ती डोळ्यांची आग कुणालाच नको होती. पाटील म्हणाले, "पोरगी म्हणते त्यात तथ्य आहे." ठकूआत्या म्हणाली, "माझं लुगडं दर वर्षी भोकं पडून खाली येतं. राहू दे बाई ती वेसण!"

एकटा बिरूमामा काठीवर हनुवटी टेकून बसला होता. तो म्हणाला, "वेसण नसलेला बैल गरीब दिसतो खरा. उभा असेतोवर."

पण एवढंच बोलून तोही गप्प बसला.

त्या वर्षापासून वेसण बंद झाली. दुरपा राखण करू लागली, आणि काय राखण केली तिने! गुराखी चिलीम ओढतात म्हणून तिने गुरं वर आणायला बंदी केली. विळा दगडाला घासून ठिणगी पडते म्हणून कापणी बंद केली. स्वतःच्या झोपडीत चूलसुद्धा ठेवली नाही. मामाने पाठवलेली भाकरी ती गारच खायची, आणि गार खाताना तिला समाधान वाटायचं.

पठार सुंदर झालं. असं की बघणाऱ्याने श्वास रोखावा. गवत गुडघ्याचं कमरेला आलं, कमरेचं छातीला. चांदण्यात ते पाण्यासारखं चमकायचं. वाटसरू थांबून म्हणायचे, "असं पठार मुलखात नाही." गाव मान ताठ करायचं. गुरांसाठी चारा आता लांबच्या माळावरून डोक्यावर वाहून आणावा लागे, पण सुंदर वस्तूसाठी माणूस थोडा त्रास सोसतोच.

मग एके दुपारी, दुरपा झोपडीच्या सावलीत अर्धवट पेंगलेली असताना, एक चंडोल तिच्यासमोर येऊन बसला. चंडोल म्हणजे मातीच्या रंगाचं ते छोटं पाखरू, जे गात गात सरळ आभाळात चढतं आणि घरटं मात्र जमिनीवर करतं.

"बाई, मी चाललो," चंडोल म्हणाला.

दुरपा दचकली. "का रे? इथे तुला कुणी हात तरी लावतं का?"

"हात नाही लावत. पण पाय टेकवायला माती कुठे आहे? घरटं करायला मूठभर मोकळी जमीन दाखव, मी राहतो."

"एवढीच गोष्ट?" दुरपा उठली. तिने गवत बाजूला केलं. खाली गवतच होतं, गेल्या वर्षीचं, आडवं पडलेलं. ते बाजूला केलं. त्याखाली त्याच्या आधीच्या वर्षीचं, करडं, कुरकुरीत. तिने हात आत घातला. मनगट गेलं, कोपर गेलं, तरी माती लागेना. शेवटी बोटांना काहीतरी मऊ लागलं. तिने वाकून पाहिलं. एक नवा कोंब होता. पिवळा, रक्त नसल्यासारखा, वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या बोटासारखा.

ती हात काढून वळली तेव्हा चंडोल निघून गेला होता.

त्याच उन्हात तिला पुन्हा गुंगी आली, आणि गुंगीत गवत बोलू लागलं. आवाज फार दुरून यावा तसा.

"दुरपा, आम्ही उभ्या उभ्या मेलोय."

"असं नका बोलू. मी तुम्हाला जपते."

"मेलेल्यांना जपतेस. आणि आमच्या पायाखाली जन्मायला आलेले आहेत, त्यांना वाट नाही. गायीच्या तोंडाने जायचो आम्ही. विळ्याने जायचो. थोडे आगीनेही जायचो. आम्हाला जाऊ दे, बाई."

दुरपा घामाने डबडबून जागी झाली. तिने आजूबाजूला पाहिलं. छातीएवढं वाळलेलं गवत, क्षितिजापर्यंत. आणि तिला काय वाटलं असेल? आपण चुकलो असं? छे! तिला वाटलं, बाप रे, केवढं हे गवत, हे पेटलं तर?

भीतीची हीच तर खोड आहे. ती स्वतःच ओझं वाढवते, आणि मग त्या ओझ्याकडे बोट दाखवून म्हणते, बघ, मी उगाच भीत नव्हते.

दुरपाने राखण आणखी कडक केली. गावातल्या पठाराकडच्या घरांना अंगणात दिवा लावायला मनाई झाली. वरातीच्या मशाली बंद झाल्या. एका लग्नात तर संध्याकाळचा मुहूर्त, त्यात आभाळ भरून आलेलं, आणि उजेड नाही. अंतरपाट दूर झाला तेव्हा नवरी करवल्याच्या गळ्यात माळ घालायला निघाली होती!

"अगं तो धाकटा!" ठकूआत्या ओरडली. "थोरला तो शिंकणारा!"

गाव पोट धरून हसलं. पण घरी जाताना बिरूमामा हसत नव्हता. त्याने पठाराकडे पाहिलं, आणि काठी टेकत तो पुढे निघाला.

अशी वर्षं गेली. आणि एका वैशाखात, दुपार ओसरताना, पश्चिमेकडून एक ढग आला. रिकाम्या हाताने येणाऱ्या पाहुण्यासारखा. पाण्याचा थेंब नाही, नुसता गडगडाट. दुरपा झोपडीबाहेर उभी होती. आभाळ एकदा पांढरं झालं, आणि पठाराच्या दूरच्या टोकाला एक बारीक रेघ टेकली.

एवढ्या वर्षांत दुरपाने प्रत्येक माणसाची कंबर तपासली होती, चकमक आहे का, चिलीम आहे का. आभाळाची कंबर तपासायचं तिला सुचलं नव्हतं.

जन्मभर झाकणीला दचकणारी ती, त्या क्षणी दचकली नाही. नुसती आतून गार पडली. टोकाला धूर उठला. मग धुराखाली लाल काठ. वारा होता पठाराकडून गावाकडे, आणि मध्ये होतं छातीएवढं गवत. वाटेत एक काळा पट्टा नाही, एक चरलेला तुकडा नाही. आणि कडेखाली गवताने शाकारलेली घरं, त्यांत पाळण्यातली पोरं, दावणीची गुरं, आणि गुडघे न वाकणारा तिचा मामा.

ती धावली. काट्यातून, दगडातून, "वणवा! वणवा!" ओरडत गावात शिरली.

गाव घागरी घेऊन वर निघालं. बिरूमामाने दारातूनच आवाज दिला, "अरे, घागरीने वणवा विझतो होय! वेसण घाला! ओढ्यापासून कातळापर्यंत, आपल्या बाजूने पेटवा. तो यायच्या आत त्याचं खाणं संपवा!"

"आत्ता?" पाटील म्हणाले.

"मग काय मार्गशीर्षापर्यंत थांबणार तो?"

"विस्तव कुठाय?"

सगळ्यांनी दुरपाकडे पाहिलं. पठारावरच्या झोपडीत विस्तव नव्हताच. आगीशी झुंजायला आगच लागते, आणि राखणदाराकडे नेमकी तीच नव्हती.

बायका घराघरात पळाल्या. दुपारच्या चुली निवलेल्या, पण राखेखाली जपून ठेवलेले निखारे होते. ठकूआत्याने राख उकरली, तीन निखारे खापरात घेतले आणि आणून उभी राहिली. "घ्या. सासूने दिलेला विस्तव आहे, कधी विझू दिला नाही. वाया घालवू नका."

खापर हिसकावलं ते रायबाने. हा पाटलांचा मुलगा. अंगाने धिप्पाड, भीती कशाशी खातात हे ठाऊक नसलेला. वेसण घालताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. ती बंद झाली तेव्हा तो लहान होता. "आग लावायचीय ना? त्यात काय शिकायचंय!" म्हणून तो चढला, आणि गावापासून अंतर राखावं म्हणून थोडा आत जाऊन त्याने गवत पेटवलं. वारा होता त्याच्या पाठीकडे नव्हे, तोंडावर. आणि आग त्याच्या अंगावरून गावाकडे धावली. तो कसाबसा बाजूला झाला. त्याच्या भिवया गेल्या. ठिणग्या कडेखाली उडाल्या, पाटलांच्या वाळक्या गंजीवर पडल्या, आणि गंजीबरोबर गोठा पेटला. घागरीचं पाणी होतं नव्हतं ते तिथे संपलं. गुरं दावी तोडून सुटली म्हणून वाचली.

दोन माणसांच्या खांद्यावर हात टाकून बिरूमामा तोवर कडेला पोचला होता. खापरात आता एकच निखारा लाल होता. मामाने तो घेतला आणि दुरपापुढे धरला.

"मामा, मी? माझे हात बघ कसे थरथरतायत!"

"म्हणून तर तुझ्या हातात देतोय. ज्याला याची भीती नाही त्याने हातात घेतला की काय होतं, ते बघितलंस ना आत्ता?"

"मला नाही जमणार."

"जमवायचं काही नाही. तू फक्त ऐक. अगदी कडेला लाव, पायवाटेला चिकटून. वाऱ्याकडे तोंड करून लावली की ती रांगते. वाऱ्याच्या वाटेवर मोकळी सोडली की ती धावते. आपल्याला रांगणारी हवी. बाकीच्यांनी फांद्या घेऊन तिच्या पाठीशी उभं राहायचं. इकडे एक पाऊल टाकलं की फटका."

वर धूर आता अर्धं आभाळ खात होता. दुरपा खाली बसली. तिने वाळक्या गवताची चूड केली, निखाऱ्यावर धरली, फुंकली. ज्वाळ उठली तशी तिचं अंग मागे जाऊ लागलं. पण हात लांब करून काटकी सरकवायला ही काही चूल नव्हती. तिला जवळच जावं लागलं. तिने पायवाटेच्या कडेला चूड टेकवली.

गवताने आग घेतली. आणि ती धावली नाही. वाऱ्याविरुद्ध डोकं खाली घालून, जमिनीला चिकटून, हळूहळू चरत निघाली. एखाद्या शहाण्या गायीसारखी.

दुरपा बघतच राहिली. आपण जन्मभर जिला भ्यालो, ती इतक्या जवळून कशी दिसते हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. प्रत्येक पात्याच्या टोकाशी आग क्षणभर थांबायची, जणू विचारायची, घेऊ का? धुक्यातली प्रत्येक वस्तू विचारायची तशी. ती एक हात पुढे सरकली, पुन्हा लावलं. पुन्हा एक हात. तिच्या मागे गाव रांगेने उभं, फांद्यांचे फटके पडत होते, ठकूआत्या खोकत खोकत शिव्या देत होती, "पुढे बघ की रायबा, भिवया गेल्या तरी डोळे आहेत ना!" साचलेलं गवत इतकं दाट की रांगणारी आगसुद्धा मध्येच पुरुषभर उंच व्हायची. दोनदा ती पाठीशी उलटली, दोनदा सगळ्यांनी मिळून मारून काढली. दुरपाच्या हातावर फोड आले. तिचे हात शेवटपर्यंत थरथरतच होते. पण थरथरत थरथरत ती कातळापर्यंत पोचली.

तेवढ्यात मोठा वणवा आला. त्याचा आवाज पुराच्या पाण्यासारखा होता. गावाने फांद्या घट्ट धरल्या. लहान आग रांगत पुढे गेली, मोठी गर्जत तिच्याकडे आली, दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या, एकमेकींकडे वाकल्या. आणि खायला काहीच उरलं नाही म्हणून दोघी खाली बसल्या.

गाव वाचलं.

पठार मात्र वाचलं नाही. वर्षानुवर्षांचं साचलेलं गवत जळलं ते असं तापून जळलं की जमिनीतली मुळंसुद्धा भाजली. झऱ्याच्या डोक्यावरची जांभळीची राई कोळशाची झाली. पुढचा पाऊस भाजलेल्या मातीवरून गढूळ होऊन वाहून गेला, आणि त्या हिवाळ्यात झरा करंगळीएवढा झाला. गावाने आपली गुरं जड मनाने सोयऱ्यांच्या गावी पाठवली. पोरांना कित्येक महिने दूध मिळालं नाही.

दुरपा पारावर येऊन उभी राहिली. "दोष माझा आहे," ती म्हणाली. "जपते जपते म्हणत मीच सरण रचत होते."

ठकूआत्या फटकन म्हणाली, "सगळा दोष एकटीच घेऊन चाललीस होय गं? आमच्या वाटणीचा ठेव की थोडा. धूर डोळ्यांत जाऊ नये म्हणून आम्हीच नाही का माना डोलावल्या!"

बिरूमामाने हातातली काठी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "मला ठाऊक होतं. एकदा बोललो आणि गप्प बसलो. आपल्या भाचीला चारचौघांत खोटं पाडायचं नाही म्हणून. आणि खरं सांगू, माझे गुडघेही दुखत होते."

पाटलांनी जळक्या गोठ्याकडे पाहिलं आणि एक सुस्कारा सोडला. "झालं ते झालं. आता राखण कुणाकडे द्यायची?"

रायबाने मान खाली घातली. तेव्हा दुरपाच म्हणाली, "माझ्याकडेच राहू द्या. पण आता मी पठाराला सगळ्यांपासून वाचवणार नाही. सगळ्यांना वाटून देणार. एक भाग गुरांना, एक विळ्याला, एक पाखरांसाठी तसाच, आणि कडेचा पट्टा आगीला. पुढच्या वर्षी भाग बदलायचे. आणि पट्टा जाळण्याआधी गवत हलवून, हाका घालून, ससे-पाखरं बाहेर काढायची. त्यात मात्र मी कुणाचं ऐकणार नाही."

"आणि निखारा?" मामाने विचारलं.

दुरपाने आपल्या फोडांच्या खुणा असलेल्या हातांकडे पाहिलं. "दर वर्षी एकाच्या हातात नको. प्रत्येकाच्या हातून एकदा तरी तो जाऊ दे. भित्र्याच्या, धीटाच्या, सगळ्यांच्या. उद्या मी नसले, मामा नसला, तर आग कशी धरायची हे गावाला ठाऊक असू दे."

तसंच झालं. पठारावर पुन्हा गवत धरलं, त्या वर्षीच्या मार्गशीर्षात गाव खापरं घेऊन वर चढलं. रायबाने नव्या भिवयांखालून आधी वारा पाहिला, मगच निखारा ठेवला. दुरपा पहिल्या तडतडीला दचकली. सगळ्यांनी पाहिलं. कुणी हसलं नाही. मग ती स्वतःच हसली, आणि हातातली चूड गवताला लावली.

पुढे कितीतरी वर्षांनी असाच एक रिकामा ढग आला आणि आभाळाने पुन्हा रेघ ओढली. वर आग लागली. ती चरलेल्या तुकड्यावर मंदावली, कापलेल्या तुकड्यावर लंगडली, आणि काळ्या पट्ट्याशी येऊन थकल्या पाहुण्यासारखी खाली बसली. दुरपा पट्ट्याच्या अलीकडे उभी राहून तिच्याकडे बघत होती. छाती धडधडत होती, पण पाय जागचे हलले नव्हते. आग निवली तशी ती सावकाश गावाकडे उतरू लागली. खाली घराघरांतून संध्याकाळच्या चुलींचा धूर वर येत होता.

म्हणून, बाळांनो आणि बाळांच्या आईबापांनो, ज्याची भीती वाटते त्याला नुसतं दूर कोंडून साठू देऊ नये. वेळीच, थोडं थोडं, हाती धरून त्याला वेसण घालावी.